पंजाच्या आत

आमचे बाबा शिकारी होते, एवढ्या एका गोष्टीवरून खैरुद्दीन मामूंनी मला बंदुकांचा जाणकार ठरवून टाकलं. आता वकिलाच्या मुलाला कोणी कोर्टात उभं करतं का? पण मामूंशी वाद घालायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती. माझ्या आईचीही नाही, आणि ती तर त्यांची थोरली बहीण. मामूंची अरबांच्या मुलखात, देऱ्यात, खाडीच्या अंगाला पेढी होती. तांदूळ, चहा, दोरखंड, पाण्याचे पंप, मुंबईच्या बोटीतून जे उतरेल ते विकायचं. त्या पेढीवर मी कारकून होतो, गोदामवाला होतो आणि अडीनडीला हमालही होतो. चौसष्टच्या हिवाळ्यात त्यात रायफलवाल्याची भर पडली.

रायफल आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकासाठी मागवलेली होती. सुहैल अरबाब, अरबाब म्हणजे तिकडे शेठ, मोत्यांच्या जुन्या व्यापारातल्या अरब घराण्यातले. लहानपण मुंबईत गेल्यामुळे हिंदी अगदी भेंडीबाजारी. दर हिवाळ्यात ते लवाजमा घेऊन आत वाळूत शिकारीला जायचे, ते तीन-तीन महिने परत यायचे नाहीत. या खेपेला त्यांना हरणांसाठी दुर्बीण लावलेली नवी विलायती रायफल हवी होती, आणि ती हातात पडेल तेव्हा नेम धरून तयार असली पाहिजे, नंतर खटपट नको, अशी अट होती. मामूंनी छातीवर हात ठेवून सांगितलं की माझा भाचा करेल, त्याच्या बापानं बाणकोटच्या जंगलात हयात घालवली.

मी नाही म्हणणार होतो. पण मामू पुढे म्हणाले, "अरबाबनं रायफल पास केली, की शुक्रवारनंतरच्या बोटीनं तू घरी जा. लीव्ह मंजूर."

मग मी कशाला नाही म्हणतोय? रायफलच काय, त्यांनी तोफ दिली असती तरी मी खांद्यावर घेतली असती.

ही रजा म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. लग्नाची मेंदी उतरायच्या आत मी बोटीत बसलो होतो, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. शहनाझ तिकडे खाडीकाठच्या आमच्या घरात आईबरोबर. दर वर्षी मी रजा मागायचो आणि दर वर्षी मामू विचारायचे, "काम काय आहे?" आमच्या लोकांत रजेला काम लागतं. कोणाचं लग्न, कोणाच्या मयतीचा चाळिसावा, कोणाचं ऑपरेशन. देऱ्याच्या ज्या खोलीत आम्ही आठ-दहा कोकणी दाटीवाटीनं झोपायचो, तिथं माणसं अशी कामं शोधण्यात पटाईत होती. एकानं तर आपल्या आजीला दोनदा मारलं. पण मामू पडले सख्खे. आमच्या घरचं कोण आजारी नि कोण धडधाकट, ते माझ्याआधी त्यांना कळायचं. पहिल्या वर्षी मी बहिणीचं लग्न सांगितलं. ते म्हणाले, आहेर पाठव. दुसऱ्या वर्षी घराचं छप्पर शाकारायचंय म्हणालो. ते म्हणाले, त्याला गडी मिळतात. तिसऱ्या वर्षी मी नुसताच त्यांच्यासमोर उभा राहिलो. खरं कारण एकच होतं, ते साऱ्या देऱ्याला ठाऊक होतं, आणि ते तोंडातून काढणं म्हणजे वडीलमाणसासमोर सदरा काढून उभं राहण्यासारखं. बायकोची आठवण येते असं कोणी मामाला सांगतं का? आमच्यात नाही सांगत.

तर मी रायफल, काडतुसं, घासलेटचे रिकामे डबे आणि दोन रिकामी पोती घेतली आणि बर्शाच्या माळावर गेलो. तिथं अरबाबांच्या पहारेकऱ्यांची नेमबाजीची चांदमारी होती. चांदमारी कसली, वाळूचा एक उंच बांध आणि त्याच्यापुढे मैलोगणती काही नाही. पोत्यांत वाळू भरली, त्यावर रायफल टेकवली, मागचा बोल्ट काढून नळीतून डबा बघितला आणि नळी न हलवता दुर्बिणीची फुली त्या डब्यावर आणली. दुर्बिणीला दोन स्क्रू होते. वरचा फिरवला की नेम वर-खाली सरकायचा, बाजूचा फिरवला की डावी-उजवीकडे. एवढं मी बरोबर आलेल्या कागदावरची चित्रं बघून शिकलो होतो. बाकीचं बाबांचं.

बाबांची रीत साधी होती. नवी बंदूक आली किंवा जुनी दुरुस्त होऊन आली, की ते फळीवर स्वतःचा पंजा ठेवायचे आणि भोवती कोळशानं रेघ ओढायचे. मग माचाणापासून पाणवठा जेवढा असतो तेवढं, म्हणजे पन्नासेक पावलं, मागे यायचे आणि बार टाकायचे. गोळी पंजाच्या आत पडली की बंदूक खरी. भेकराच्या खांद्याशी फऱ्याची जागा पंजाएवढीच असते, त्याहून जास्त लाड बंदुकीचे करू नयेत, असं त्यांचं म्हणणं. मी डब्यावर माझा पंजा काढला, पन्नास पावलं मोजली आणि तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही करंगळीच्या मुळाशी, एकमेकींना चिकटून. मधल्या बोटाखाली हव्या होत्या, दोन बोटं डावीकडे गेल्या, पण पंजाच्या आत होत्या. मी खूश होऊन पोती झटकली. येताना गाडीत मी शहनाझसाठी न्यायच्या कापडांचे रंग ठरवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदमारीवर अरबाब स्वतः आले. मामूंनी इस्त्रीचा कोट घातला होता. अरबाबांनी रायफल खांद्याला लावून बघितली, दोन-तीनदा बोल्ट मागेपुढे केला, त्यांना ती आवडलेली दिसली. मग त्यांनी एका माणसाला डबा घेऊन पिटाळलं. तो माणूस चालत गेला, चालतच गेला. मला वाटलं हा आता पायीच मस्कतला जातो. तीनशे पावलांपलीकडे, बांधाच्या पार टोकाशी त्यानं डबा ठेवला.

अरबाब वाळूवर पालथे झोपले, सावकाश नेम धरला आणि गोळी झाडली. डब्याच्या डावीकडे खाली वाळू उडाली. दुसरी तिथंच. तिसरीही तिथंच. ते उठले, दाढीतली वाळू झटकली आणि माझ्याकडे वळले.

"कितने पे लगाया?"

मी माझं कालचं अंतर दाखवलं. पन्नास पावलं.

"वहाँ तक तो मेरी बकरी चरने जाती है," ते म्हणाले.

त्यांची माणसं हसली. मामू हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर थंडीच्या दिवसांत घाम आला होता आणि ते माझ्याकडे असे बघत होते, की बोटीचं सोडाच, ही नोकरी तरी उरते की नाही असं मला वाटलं. जवळ दोन बोटं चुकलेली गोळी लांब गेल्यावर वीतभर चुकते आणि वर आपल्या वजनानं खालीही येते, एवढा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमला असता. पण मला तो सुचलाच नव्हता. उभ्या आयुष्यात मी कधी एवढ्या लांबचं जनावर पाहिलेलंच नव्हतं.

अरबाब मात्र चिडले नव्हते. त्यांना नवल वाटलं होतं. एवढ्या जवळून तुम्ही काय मारता, आणि जनावर तुम्हाला एवढं जवळ येऊ कसं देतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे त्याच्यापुढचं दिसतच नाही. झाडं असतात, झाडांखाली जाळ्या असतात, जाळ्यांत वेली असतात. समोरच्या पाणवठ्यापलीकडे भिंत असल्यासारखं हिरवं.

"आगे का दिखता नहीं, तो आदमी वहाँ रहता कैसे है?"

"कान से, अरबाब," मी म्हणालो, आणि मग मला थांबताच येईना. भेकर येतं तेव्हा वाळक्या पानांत कसं थांबून थांबून पाऊल वाजतं, वानर आधी वरून कसं ओरडतं, बाबा अशा वेळी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प कसं बसवायचे, हे सगळं मी मोडक्या हिंदीत सांगत सुटलो. त्या माळावर, जिथं एका झाडाची सावली दुसऱ्या झाडाला ठाऊक नाही, मी करवंदाच्या जाळीचा वास सांगत होतो.

"सागाच्या पानांचा आवाज वेगळा," मध्येच मामू म्हणाले, मराठीतच. "ऐनाचा वेगळा." मग ते खाकरले आणि कोटाचं बटण लावू लागले. मी चमकून बघितलं. मामू सात वर्षांत गावी गेले नव्हते. त्यांच्या पैशांनी गावात दुमजली घर उभं राहिलं होतं आणि त्यात मरियमबी मामी एकट्या राहत होत्या. दर बोटीनं त्यांच्या नावानं ट्रंक जायची, मामू कधी जायचे नाहीत. धंदा कोण बघणार, असं म्हणायचे.

अरबाबांनी रायफल माझ्या हातात दिली. आता इथून लावून दाखव म्हणाले.

मी दुसरा डबा घेतला, त्यावर पंजा ठेवून कोळशानं रेघ ओढली, आतला भाग काळा करून टाकला आणि जाऊन तो तीनशे पावलांवर ठेवून आलो. दुसरी रीत मला येतच नव्हती. पोत्यावर रायफल टेकवली, पालथा झोपलो आणि दुर्बिणीला डोळा लावला.

ऊन वर आलं होतं. वाळू तापायला लागली की तिच्यावरची हवा थरथरते, आणि दुर्बिणीतून ते जास्तच दिसतं. लांबवर, एवढासा, काळा हात. तो हलत होता. एकदा इकडे, एकदा तिकडे.

आमच्याकडे बायका धक्क्यावर येत नाहीत. मी निघालो तेव्हा शहनाझ पडवीतच थांबली, आणि मी होडीत बसून खाडीत लांब आल्यावर मागे बघितलं, तर पडवीच्या गजांतून एक हात बाहेर आला होता. तोंड दिसत नव्हतं, ओढणी दिसत नव्हती, मेंदीनं गडद झालेला नुसता हात. होडी वळेपर्यंत तो हलत होता. मी उलट हात केला नाही. होडीत चार म्हातारे होते, त्यांच्यासमोर कसा करायचा?

दुर्बिणीतलं सगळं धूसर झालं. मी डोळा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. मागून अरबाब म्हणाले की वाळू गेली असेल, घाई नको. मी चापावर बोट ठेवलं आणि काढलं. पुन्हा ठेवलं. मला शुक्रवारनंतरची बोट हवी होती, त्या बोटीसाठी मी काय वाटेल ते केलं असतं, पण त्या हातावर गोळी झाडणं मला जमेना. शेवटी रायफल पोत्यावर तशीच ठेवून उठलो आणि काही न बोलता चालू लागलो. मागून मामूंनी हाक मारली, मी थांबलो नाही. डब्यापाशी गेलो, सदऱ्याच्या टोकानं तो हात पुसला, घासून घासून पुसला, आणि त्या जागी कोळशानं साधी फुली काढली. तीनशे पावलं परत आलो. सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते.

मग जमलं. पहिली गोळी डावीकडे खाली गेली, तशी जाणारच होती. बाजूचा स्क्रू फिरवला, वरचा फिरवला, नळी निवेपर्यंत थांबलो. दुसरी डब्याच्या कडेला लागली, टिणकन आवाज इथपर्यंत आला. आणखी थोडं फिरवलं. पुढच्या तीन गोळ्या फुलीवर. मग अरबाब स्वतः झोपले आणि त्यांच्याही तिन्ही फुलीवर बसल्या. डबा आणून बघितला तेव्हा फुलीवरची सहाही भोकं एका मुठीखाली झाकली जात होती. मामूंनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि माझी पाठ थोपटली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी मनात बोटीच्या शिडीवर पाय ठेवलासुद्धा.

अरबाब डबा हातात फिरवत होते. मामूंना म्हणाले, "इसको मैं साथ ले जाता हूँ. तीन महीने. दूरबीन रास्ते में हिलेगी, यह ठीक करेगा. और रात को मुझे अपने जंगल की बात सुनाएगा."

"क्यों नहीं, अरबाब," मामू लगेच म्हणाले. "इन्शाल्ला." माझ्याकडे न बघता त्यांनी हळूच मराठीत जोडलं, "लीव्हचं नंतर बघू. नेक्स्ट बोट."

पुढची बोट म्हणजे काय ते मला माहीत होतं. तीन महिने वाळूत, मग रमजान, मग ईद, मग मालाचा हंगाम, मग पाऊस लागला की कोकणची बोट बंद. पुढची बोट म्हणजे आणखी एक वर्ष. रायफल नीट लागली नसती तर मामूंनी रजा दिली नसती, आणि नीट लागली म्हणून आता अरबाब सोडत नव्हते. मी खाली बघत उभा राहिलो, नेहमीसारखा.

अरबाबांनी मला विचारलं, "तू बोल. आएगा? और एक बात बता. वह हाथ क्यों मिटाया?"

बोलायला एखादं काम शोधावं म्हणून मी डोकं खाजवलं. छप्पर, ऑपरेशन, काहीही. सुचलं नाही.

"वह मेरी बीवी का हाथ लगा, अरबाब," मी म्हणालो. "मुझे घर जाना है. और कुछ काम नहीं है. मुझे उसकी याद आती है."

बोलून टाकलं. मामूंच्या समोर, दहा माणसांच्या समोर, भर दिवसा. मामूंनी मान वळवली आणि ते बांधाकडे बघत राहिले. कोणी हसलं नाही.

"यह बात तूने पहले किसी को बोली नहीं?" अरबाबांनी विचारलं.

"हमारे में नहीं बोलते."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि मामूंच्या खांद्यावर हात ठेवला. "खलास, खैरुद्दीन. इसको जाने दो. स्क्रू फिराना मेरे आदमी सीख लेंगे." त्यांनी आपल्या माणसांना यल्ला, म्हणजे चला, अशी हाक दिली आणि रायफल घेऊन ते गेलेसुद्धा.

परत येताना गाडी मामूच चालवत होते. मी शेजारी मांडीवर डबा घेऊन बसलो होतो आणि बोलणी खायची तयारी करत होतो. खानदानाची इज्जत, गिऱ्हाइकासमोर तमाशा, तुझ्या बापानं हेच शिकवलं का, हे सगळं मला पाठ होतं. पण मामू काही बोलेनात. वाळू संपून रस्ता लागला, घरं दिसायला लागली. नव्या पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. खाडीत एक मोठी होडी शिडं उतरवत होती, तिच्याकडे बघत ते बसले.

"बाणकोटला उतरलास की आधी माझ्या घरी जा," शेवटी ते म्हणाले.

मी हो म्हणालो. ट्रंक केवढी असेल, काय काय न्यायचं, असं विचारलं.

"ट्रंक नको या वेळी. नुसता जा. मरियमला सांग."

"काय सांगू, मामू?"

त्यांनी गाडीची चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, तरी गाडी पुढे नेली नाही. दोन्ही हात चाकावर होते आणि तोंड माझ्याकडे नव्हतं.

"तू अरबाबला सांगितलंस तेच," ते म्हणाले. "माझ्या नावानं सांग. तिला खरं वाटणार नाही, तू शपथ घेऊन सांग."